गाठ नाई

मोहाची फुलं गळायला लागली की मला एका जागी बसवत नाही. पहाटे दार उघडलं की तो गोड, थोडा आंबूस वास घरात शिरतो आणि मग दिवसभर माझं बूड जमिनीला टेकत नाही. चहा उभ्यानेच होतो. भाताला आधण ठेवते आणि तेवढ्यात दोनदा दारात जाऊन येते. समोरच्या टेकडीवरचं वाळकं गवत कुठल्या बाजूला झुकलंय, आभाळ पांढरट आहे की निळं, धूळ सरळ उठतेय की गरगरत, हे सगळं बघून परत येईपर्यंत भात खाली लागलेला असतो. बाबा तो करपट भात मुकाट्याने जेवतात. फारच झालं तर म्हणतात, "बस ना वो बाई जराशी. वारा का पळून चालला का?"

वारा पळूनच जातो, हे त्यांना कितीदा सांगायचं?

माझा धंदाच वाऱ्याचा आहे. मी पॅराग्लायडर उडवते, तोही दोघांचा. पुढे पाहुणा, मागे मी, आणि दोघांच्या डोक्यावर एकच मोठा कापडी पंख. वर्षातले बरेच महिने मी घाटावरच्या डोंगरात नोकरी करते. शहरातून आलेली माणसं माझ्या पुढ्यात बसून किंचाळतात, रडतात, देवाचं नाव घेतात, फोन हातातून सुटू नये म्हणून धडपडतात आणि उतरल्यावर "ताई, आणखी एकदा" म्हणतात. किती अनोळखी माणसांना मी आभाळ दाखवलं असेल! आणि सख्ख्या बापाला नाही. हे मला सलायचं. उगाच गोड बोलून काय उपयोग, फार सलायचं.

म्हणून यंदा ऐन हंगामात रजा टाकली आणि पंख पाठीवर घेऊन गावी आले. चामोर्शीला बसमधून उतरले तेव्हा बाजाराचा दिवस होता. मिरचीच्या ढिगाऱ्यापासून सुक्या मासळीपर्यंत सगळीकडून माणसं माझ्या पाठीवरच्या गाठोड्याकडे बघत होती. एकाने विचारलंही, "गादी आनली का वो ताई?" मी हो म्हटलं. एवढ्या गर्दीत कोण समजावत बसणार?

गावात पंखाला छत्री म्हणतात. हे नाव गिरजाबाईने पाडलेलं. गिरजाबाई आमची शेजारीण, बाबांच्या वयाची, तोंडाने फटकळ. टेकडीच्या पायथ्याशी जो भला मोठा मोह आहे तो तिच्या घरचा समजला जातो, आणि या दिवसांत ती त्याच्याखालीच सापडते. मला बघितल्याबरोबर ओरडली, "आली का छत्रीवाली? किती सालानं वो? मोह विसरली का आमचा?"

विसरले नव्हते. उलट मधली काही वर्षं मी मार्चमध्ये गावी आलेच नाही ती विसरता येत नव्हतं म्हणून. दिवाळीला यायची, रिकाम्या हाताने, पंख तिकडेच ठेवून. दिवाळीत मोहाला वास नसतो.

ज्या मोहानंतर येणं सुटलं, त्या वर्षीचं सांगते. तेव्हाही मी अशीच पंख घेऊन आले होते, नुसता दाखवायला. बाबांना फोनवर घाटावरच्या एका धरणाचा फोटो दाखवत होते, वरून काढलेला. बाबांनी तो इतका वेळ धरून ठेवला की फोनचा उजेड विझला. मग म्हणाले, "आपला तलाव असा पुरा मले कधी दिसलाच नाई. आतमंदून पाह्यला, काठावरून पाह्यला. वरून कसा दिसत असन?"

आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावचा मामा तलाव, जुन्या मालगुजारांच्या काळातला, म्हणजे बाबांचा जन्म. त्याचा तळ त्यांना पायांनी पाठ आहे. कुठे गाळ मांडीपर्यंत ओढतो, कुठे उन्हाळ्यातही पाणी थंडगार लागतं, कुठे बुडालेल्या झाडाचं खोड जाळं फाडतं, सगळं माहीत. पण अख्खा तलाव एका नजरेत कधी बघितलेला नाही. मला ते ऐकून कसंतरी झालं. मी म्हटलं, "दाखवतो ना बाबा. त्यात काय?" त्या क्षणापासून मला चैन पडेना.

आमच्या जिल्ह्यात आभाळात जायचं तर आधी जमिनीवर पुष्कळ चालावं लागतं. पोलीस ठाणं, तहसील, वनखातं. प्रत्येक ठिकाणी पंखाचा फोटो दाखवायचा, आवाज नसतो म्हणून सांगायचं, कॅमेरा नसतो म्हणून सांगायचं, जंगलावरून जाणार नाही हे लिहून द्यायचं. टेकडी महसूल खात्याची निघाली म्हणून जमलं. पश्चिमेकडे तोंड, उतार मोकळा, खाली कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. संध्याकाळी वैनगंगेकडून हळुवार वारा येऊन उतारावर चढतो. दुपारी तिथे उभंही राहू नये, इतकी गरम हवा उसळते. पण ऊन कललं की तीच जागा शहाणी होते.

मग बाबांना शिकवणं सुरू झालं. पाहुण्याचं काम एकच असतं, धावणं. पंख डोक्यावर आला की मागे खेचतो. त्या ओढीला न जुमानता उतारावरून पुढे धावत राहायचं, पाय जमिनीवरून सुटले तरी धावायचं, आणि मी "बसा" म्हणेपर्यंत बसायचं नाही. जो आधीच बसतो तो स्वतःही आपटतो आणि मागच्यालाही घेऊन आपटतो. घाटावर मी हे रोज इतक्या वेळा बोलते की झोपेतही बोलत असेन.

बाबांना नेमकं हेच जमेना. बांधीत पट्टे चढवून, मी मागून हाताने खेचून सराव घ्यायची. जरा ओढ बसली की बाबा खट्कन खाली बसायचे. दरवेळी. बांधीच्या कडेला, धुऱ्यावर गिरजाबाई आणि आणखी चारजणं जमून हसायची. मी चिडून विचारलं, "काऊन बसता वो बाबा? बसू नोका म्हटलं ना!"

"मी कुठी बसतो?" बाबा कपडे झटकत म्हणाले. "अंगच बसते. डोंगा हालला का बसाव लागते."

तेव्हा मला समजलं. लाकडी डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा माणूस तो. डोंगा डुलला की तत्काळ बसायचं, नाहीतर सगळ्यांसकट पाण्यात. लहानपणी मलाही त्यांनी हेच शिकवलं होतं, त्यांच्या पुढ्यात बसवून, खांद्यावर हात दाबून. आयुष्यभर ज्याने जीव वाचवला तेच आता मी त्यांच्या अंगातून काढायला निघाले होते.

किती दिवस नुसतं "बसू नोका, बसू नोका" चाललं. मग एका सकाळी तलावावर मोठं जाळं काठाला ओढताना बघितलं. दोन बाजूंना माणसं, खांद्यावरून दोर घेतलेला, अंग पुढे झोकलेलं, पाय चिखलात रोवत एकेक पाऊल पुढे. मागून अख्ख्या जाळ्याची ओढ आहे, पण बसत कोणीच नाही. बसेल कसा? संध्याकाळी बांधीत पट्टे चढवले आणि बाबांच्या कानाशी ओरडले, "ओढा, बाबा! जारं ओढा!" आमच्याकडे जाळ्याला जारं म्हणतात. बाबा असे पुढे झुकले आणि असे निघाले की मीच मागे फरपटत गेले. धुऱ्यावर गिरजाबाईने टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मी खूप आनंदात होते, हे आठवतं. सगळं जमलं असंच वाटत होतं.

पंखाची निगा आणि जाळ्याची निगा यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. जाळं उन्हात टाकतात, पंखाला ऊन लागलं की कापड मरतं. जाळं ओलं राहिलं तरी चालतं, पंख दमट ठेवला की त्याला बुरशी धरते. जाळं पायाखाली आलं तर कोणी काही म्हणत नाही, पंखाच्या दोरीवर कोणी पाय दिला तर मी माणसाचं वयबिय बघत नाही. मोहाचं एक फूल त्यावर चिरडलं तरी त्या गोडव्याला मुंग्या लागतात, म्हणून घडी घालताना मी प्रत्येक पदर हाताने झाडते. आणि आमचं घर केवढं? जी मधली खोली, तिच्याच एका भिंतीला बाबांची जाळी खुंट्यांवर लटकलेली, आणि तिच्याच आढ्याला मी पंखाची पिशवी टांगलेली. मी म्हटलंही होतं, "बाबा, मासोरीच्या वासानं उंदरं येतात. जारे दुसरीकडे ठेवा ना." बाबा म्हणाले, "कुठी ठेवू?"

मध्येच मावसबहिणीच्या लग्नाला मला अहेरीला जावं लागलं. जाताना बाबांना बजावलं, पिशवी हलवू नका, उघडू नका, नुसती बघत राहा. बाबांनी मान हलवली. परत आले तर पिशवी जिथल्या तिथे, बाबा जरा गप्प. मला वाटलं, उडायची भीती वाटत असेल. उडायच्या आदल्या दिवशी माणसं गप्प होतातच.

दुसऱ्या दिवशी वारा असा होता की मागून आणला असता तरी याहून चांगला मिळाला नसता. टेकडीवर गावातली बरीच माणसं आली होती. बाबांनी पांढरा धुतलेला शर्ट घातला होता. डोक्यावर हेल्मेट चढवून, पट्टे लावून ते एका दगडापाशी उभे होते, लग्नातल्या माणसासारखे अवघडून. पाहुण्याला जोडून घेण्याआधी मी नेहमी पंख एकटीने उभा करून बघते. उभा केला. वर आला, पण डावीकडून किंचित मुरडलेला. खाली पाडला, पुन्हा उभा केला. पुन्हा तसाच.

पंख गवतावर पसरला आणि डावीकडची एकेक दोरी बोटांतून सोडायला लागले. या दोऱ्या सुतळीपेक्षा बारीक असतात, आणि प्रत्येक मापून कापलेली. पंखाचा आकार म्हणजे या दोऱ्यांची लांबी, दुसरं काही नाही. वरच्या एका दोरीवर बोट अडलं. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ.

ती गाठ मी कुठेही ओळखली असती. जाळ्याची गाठ. तीच मला बाबांनी तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर बसून शिकवली होती, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा. खालून, मागून, बोटावरून, आणि आवळ. मग ते दोन्ही हातांनी खेचून बघायचे आणि सुटली नाही की म्हणायचे, "झाली माही पोरगी ढिवरीन." तेवढीच सुबक होती टेकडीवरची ही गाठ! टोकं आगीवर धरून चपटी केलेली. जाळ्यात असती तर कोणीही वाखाणली असती.

"कोनं बांधली हे?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडले.

बाबा पुढे आले. "उंदरानं कुरतडली होती. तू नव्हती. मी बांधून देल्ली," ते म्हणाले. आणि वाकून, दोरी दोन्ही हातांत धरून खेचून दाखवायला लागले. "पक्की हाये. पाहाय वढून. हिले काई होत नाई."

मी ती त्यांच्या हातातून हिसकावली. गाठीने दोरी आखूड होते, आखूड झाली की पंख वाकडा होतो. शिवाय जिथे गाठ तिथे दोरी मुडपते आणि अर्धी होऊन बसते, मग ती कधी तुटेल सांगता येत नाही. हे सगळं मी चढ्या आवाजात सांगितलं, सगळ्यांसमोर. शेवटी म्हणाले, "तुमची गाठ आपल्या दोघांचा जीव घेत होती, बाबा!"

बाबांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून दोन्ही हातांनी गवतावर ठेवलं आणि टेकडी उतरून गेले. पांढरा शर्ट पळसांमधून खाली जाताना दिसत होता. माणसंही पांगली. गिरजाबाई तेवढी थांबली, पण तीही काही बोलली नाही, आणि ती गप्प राहते तेव्हा काहीतरी फार बिघडलेलं असतं.

मी चुकले नव्हते. आजही तेच बोलेन, तेवढ्याच आवाजात. पंखापुढे मोठ्यांचा मान, लहानांचं कौतुक असलं काही चालत नाही. बरोबर होते, हाच तर सगळा त्रास आहे. चूक असती तर पाया पडून मोकळी झाले असते. बरोबर असलेल्या माणसाने कोणाची माफी मागायची आणि काय म्हणून?

नवी दोरी मागवली, ती येईपर्यंत मोह संपला होता. गरम वावटळी सुटल्या, आणि मी पंख घेऊन परत गेले. त्यानंतर बाबांनी पिशवीला हात लावला नाही. फोनवर विचारायचे, "तुहं सामान बराबर हाये ना?" आधी ते "आपली छत्री" म्हणायचे.

गाठ हा शब्द आमच्या घरात किती चांगला होता. आई-बाबांच्या लग्नाची गोष्ट सांगताना गाठ. कोणी भेटलं की गाठ पडली. काही ठरवलं की मनाशी गाठ. बाबांचं तर पोटच गाठीवर. गाठ सुटली की मासा गेला. आणि मी असा धंदा निवडला की ज्यात गाठ दिसली की थांबायचं. घाटावर रोज सकाळी दोऱ्या बोटांतून सोडताना मी मनात म्हणते, गाठ नाही, गाठ नाही. रोज म्हणते आणि रोज मला बाबा आठवतात. पाहुणे म्हणतात, ताई किती बारकाईने बघता हो तुम्ही.

यंदा निघायच्या आधी पंख तपासायला दिला होता. तपासणाऱ्याने कापड चिमटीत धरून, त्यातून हवा किती जाते ते मोजून मान हलवली. "हा मोसम काढा, ताई. पुढे माणूस नेऊ नका यावर." पंखाचं वय झालं. इकडे आले तर बाबा उठताना खाटेच्या कडेला धरून उठतात. उजवा गुडघा धरतो म्हणाले. म्हणजे पंखाचा हा शेवटचा मोसम, आणि बाबांच्या धावण्याचाही बहुधा. तलाव वरून दाखवायचा तर आत्ता. नाहीतर राहिलंच. हे डोक्यात घेऊन मी दारात उभी राहायची आणि चुलीवर भात लागायचा.

आल्या दिवशीच पिशवी टांगायला मधल्या खोलीत गेले होते. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या. "जारे कुठी गेले, बाबा?" मी विचारलं. "देल्ले कोनाले तरी," म्हणून ते बाहेर गेले. दिवाळीत जाळी तलावावरच्या झोपडीत असतात, म्हणून इतक्या वर्षांत मला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरजाबाईच्या मोहाकडे गेले. ती पूर्वी झाडाखालचा पाला जाळायची, राखेवर पडलेली फुलं वेचायची. यंदा जाळ नव्हता. झाडाखाली चारी बाजूंना काठ्या रोवून जाळी पसरली होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि त्यात पिवळसर फुलांचा खच पडला होता. वरून एकेक फूल पडायचं, जाळं इवलंसं हलायचं. मी जाळीचा काठ हातात घेतला. ती गाठ मला ओळखायला वेळ लागला नाही.

"तुह्या बापानं देल्ले ना," गिरजाबाई फुलं भरता भरता म्हणाली. "तू भांडून गेली त्याच साली. जुने तितके समदे. मले म्हने, घरात मासोरीचा वास नोको, पोरीच्या छत्रीले उंदरं लागते. मी म्हटलं, छत्री कुठी हाये पन इथी? त म्हने, आनन ना कधी."

मी तिथेच, जाळ्याचा काठ धरून उभी राहिले. मला रडू आलं, आणि रागही आला. इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या खुंट्या सांभाळून बसलाय आणि मला एका शब्दाने सांगत नाही! सांगितलं असतं तर मी कधीच आले असते. पण मी तरी कुठे विचारलं होतं?

त्या संध्याकाळी घरामागच्या बांधीत, सावलीत पंख पसरला. बाबा धुऱ्यावर बसले होते, पाठ करून. मी दोऱ्या सुट्या केल्या आणि म्हटलं, "बाबा, जरा पाहून द्या ना दोऱ्या. कुठी गाठ हाये का."

"मी?" बाबा वळले नाहीत. "मले काय समजते त्यातलं?"

"गाठ तुमच्यापेक्षा कोनाच्या बोटाले समजते?"

मग ते उठले, माठातलं पाणी घेऊन हात धुतले, गमछ्याला कोरडे पुसले आणि येऊन पंखापाशी बसले. पहिली दोरी घेतली. डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून ती दोरी इतकी सावकाश गेली की मी हात मांडीखाली दाबून बसले. टोकाला पोचले तेव्हा म्हणाले, "नाई." दुसरी घेतली. अंधार पडू लागला तरी ते थांबले नाहीत, आणि मीही घाई केली नाही. माझ्यासाठी हे फार आहे. शेवटची दोरी खाली ठेवून त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "गाठ नाई."

त्यांच्या आधी मी तपासल्या होत्या, आणि त्यांच्यानंतर पुन्हा तपासल्या. धंदा तो धंदा. बाबांनी ते पाहिलं आणि हसले. "पाहाय, पाहाय," म्हणाले. "माह्यावर भरोसा नोको ठेवू." मी म्हटलं, "ठेवतच नाई." आमचं मिटलं ते असं. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

मग वाट बघणं आलं. एका संध्याकाळी टेकडीवर गेलो तर काठीला बांधलेली गिरजाबाईच्या लुगड्याची पट्टी ताठ फडफडत होती. वारा जास्त. खाली आलो. पुन्हा गेलो तेव्हा पट्टी आमच्याकडे पाठ करून उडत होती, म्हणजे वारा मागून. पुन्हा खाली. चढताना बाबा दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हात ठेवून थांबायचे, आणि मला वाटायचं, यांना इतक्या वेळा चढवलं तर धावायला पाय उरणार कुठून? न उडणं हाच या धंद्याचा मोठा भाग, असं मी शिकाऊ मुलांना ऐटीत सांगते. स्वतःच्या बापाला टेकडीवरून पायी उतरवताना ती ऐट कुठे गेली कोण जाणे. मी रात्री कुशी बदलत राहायची. बाबा म्हणायचे, "नाई त नाई. तलाव कुठी जाते?"

काल पट्टी हलकीच आमच्या तोंडावर येत होती. मी पंख एकटीने उभा करून पाहिला. सरळ, दोन्ही बाजू सारख्या. बाबांच्या पायांचे पट्टे आधी लावले, मग छातीचा, मग हेल्मेट. जोडणीचे हुक बंद झाल्याचा आवाज ऐकला, तरी बोटाने दाबून बघितले. अडीअडचणीला उघडायची दुसरी छत्री जागेवर. बाबांना गुडघ्याचं विचारलं. "आज बरा हाये." खरं सांगा म्हटलं. "खरंच सांगून राह्यलो. दुखला त सांगन." आजूबाजूला गर्दी नव्हती, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. खाली मोहाशी गिरजाबाई होती, कपाळावर हात धरून वर बघत.

बाबांच्या मानेमागची सुरकुतलेली कातडी माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती. डोंग्यात मी त्यांच्या पुढ्यात बसायची, तेव्हा त्यांना माझी मान अशी दिसत असेल. इतक्या वर्षांत कोणत्याही पाहुण्याला घेऊन मला इतकी भीती वाटली नव्हती. वाटायला हवी होती की काय, असंही मनात आलं.

"ओढा, बाबा!"

बाबा झुकले. पंख सळसळत डोक्यावर आला, मागे खेचायला लागला. एक पाऊल, दुसरं, उजवा पाय जरा लंगडला. "ओढा! जारं ओढा!" मी ओरडत होते आणि बाबा ओढत होते, तोंडाने तलावावर काढतात तसा दमदार हुंकार काढत. पायाखालचं गवत हलकं झालं, विरळ झालं, मग नव्हतंच. टेकडी मागे राहिली. खालून गिरजाबाईचा आवाज आला आणि विरला. वारा कानाला लागला, थंड आणि मऊ. मोहाचा वासही वर आला होता आमच्यासोबत.

बाबांचे पाय चालूच होते. खाली काही नव्हतं तरी एकेक पाऊल टाकत होते, रोवून, चिखलात टाकतात तसं.

मी पंख हळूच उजवीकडे वळवला. पाणी आडवं ठेवलं, बाजूला, अंतर राखून. आणि मग पाळीमागून तलाव वर आला. पुरा. कलत्या उन्हात तांबूस झालेला, एका टोकाला शेवाळ, मधे काळसर ठिपका. बाबांनी हात लांब करून त्या ठिपक्याकडे दाखवलं. खोड. जाळं फाडणारं.

मग म्हणाले, "एवढासाच हाये का वो?"

अख्खा जन्म त्यांनी त्या एवढ्याशा पाण्यात काढला होता, आम्हाला वाढवलं होतं. मी फक्त म्हटलं, "हो बाबा. एवढासाच."

त्यांचे पाय अजूनही हलत होते, पण सावकाश. मला आठवलं की मी सांगायचंच विसरले होते. आयुष्यात पहिल्यांदा विसरले.

"बाबा, आता बसा."

"पक्कं बसू?"

"बसा."

बाबा बसले. मग मीही बसले.